मेमसाहेबाचा गाऊन राहू द्या, आधी आतली शमीज शिवा

आमचं नाटक १८६५ च्या भुसावळमधलं. रेल्वे नवीनच आलेली, लाइनीवर एक गोरा इंजिनिअर आणि त्याची बायको, नुकतीच बोटीतून उतरलेली आणि आपल्या मे महिन्यानं पार कावलेली. तिचा गाऊन माझ्याकडे होता. आठ मीटर निळं कापड, पुढून बटणं, पांढरी कॉलर, जुने फोटो झूम करकरून बघून शिवलेला. ड्रेस रिहर्सलला पोरीनं तो घातला आणि मागं खुर्चीवर बसलेली माझी आत्या मोठ्यांदा म्हणाली, "हाई काय शे व माय, नाइटी शे का?"

सगळे हसले, मी पण हसले, पण घरी येऊन झोप काही लागेना. गाऊनमध्ये खोट नव्हती हो. आत साडीचा सॅटिनचा परकर आणि आजकालची ब्रा, म्हणजे त्या आठ मीटर कापडाला धरून ठेवायला आत काहीच नव्हतं, घेर पायांत गुंडाळत होता, कंबर कुठंय ते कळत नव्हतं आणि काखेत घामाचा नकाशा. मग मी उलटी सुरुवात केली, आतून बाहेर. जे कुणी पहिल्यांदाच असलं काही शिवायला बसतायत, गॅदरिंगला म्हणा, राज्य नाट्य स्पर्धेला म्हणा नाहीतर नुसती हौस म्हणून, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी काही शिकलेली डिझायनर नाही, घरी पायमशीन आहे आणि आजीकडून आलेली थोडी हातशिलाई, एवढ्यावर होतं सगळं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, गाऊनचं माप हे आतले सगळे कपडे अंगावर चढवून मगच घ्यायचं. आधी गाऊन शिवून नंतर आतलं बघू म्हणालात तर गाऊन उसवावा लागतो, मी उसवलाय.

आधी साल पक्कं करा. "जुन्या काळातली इंग्रज बाई" असं काही नसतं, दर पंधरा-वीस वर्षांनी आतला सांगाडा बदलतो आणि त्याप्रमाणे बाहेरचा आकार. पेशवाईतला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा वकील, आणि त्याची बायको दाखवायची, म्हणजे १७९० च्या आसपास, तर आत लिननची शमीज आणि त्यावर नरसाळ्यासारखी ताठ चोळी, तिला स्टेज (stays) म्हणायचे, आणि खाली नुसते परकर, इंग्रज बायका तेव्हा सहसा चड्डी घालतच नसत. १८१८ ला इंग्रजांनी खानदेश घेतला आणि त्यांचा अधिकारी ब्रिग्जसाहेब धुळ्याला बसला तेव्हा फॅशन एकदम उंच कमरेची, छातीखालून सरळ खाली पडणारा झगा. १८५६ नंतर पोलादी कड्यांचा पिंजरा आला, त्याला क्रिनोलिन म्हणतात, घेर घंटेसारखा. १८७० पासून तो घेर पुढून सपाट होऊन सगळा मागं गेला, त्याला बसल. १९०० नंतर परत वेगळंच. तुमच्या नाटकाचं साल यात कुठं पडतं ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा, कारण नेटवर फोटो बघताना माणूस वाहवत जातो आणि एका बाईच्या अंगावर चाळीस वर्षं गोळा होतात.

मी पुढं सगळं १८६५ चं सांगतेय. नवशिक्याला हा काळ सोयीचा पण आहे. एक म्हणजे तोवर आतल्या कपड्यांत सुती कापड सर्रास आलेलं होतं, महाग लिननच पाहिजे असं नाही. दुसरं म्हणजे शिवणाचं मशीन आलेलं होतं, हाव यांचं पेटंट १८४६ चं आणि सिंगर १८५१ चं, त्यामुळे लांब शिलाया मशीनवर मारल्या तरी इतिहासाशी बेइमानी होत नाही. फक्त साधी सरळ टीप, झिगझॅग नाही, आणि ओव्हरलॉक तर अजिबात नाही.

आता कापड. दुकानात जाऊन "कॉटन" मागू नका, लंकलाट मागा नाहीतर मलमल. लंकलाट म्हणजे लाँगक्लॉथ, आपल्या आजोबांच्या लेंग्याचं कापड, शमीज आणि चड्डीला याच्यासारखं दुसरं नाही. मांजरपाट थोडं जाडं, ते कच्च्या फिटिंगला घ्या. कॉर्सेटला, म्हणजे ताठ काड्या घातलेल्या कंबर आवळणाऱ्या चोळीला, ड्रिल, युनिफॉर्मच्या पँटचं असतं ते, पण सुतीच. जळगावात फुले मार्केटला हे सगळं मिळून जातं, धुळ्यात आग्रा रोडला. मला एका दुकानात (नाव नको) प्युअर कॉटन म्हणून टेरीकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं) गळ्यात मारलं होतं, तेव्हापासून मी चिंधी मागून घेते आणि बाहेर येऊन काडी लावते. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरली जाते, पॉलिस्टर असेल तर वितळून काळा कडक मणी होतो. ही टेस्ट चुकवू नका, कारण इथं अंगाला लागून तीन-चार थर चढणार आहेत आणि आपलं ऊन तुम्हाला माहितीय.

आणि कापड आणलं की आधी गरम पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री. त्या काळी हे कपडे उकळून धुवायचे, तुमचे पण उकळावे लागतील. न भिजवता शिवलेली माझी पहिली शमीज पहिल्या धुण्यात आखडली आणि आता ती भाचीला येते.

बरं, कापसाचंच निघालंय म्हणून सांगते. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, जळगावची कापसाची पेठ त्याच दिवसांत वर आली. म्हणजे आमच्या मेमसाहेबाच्या अंगातल्या शमीजचा कापूस इथून बोटीनं गेला आणि कापड होऊन परत आला, असं सहज होऊ शकतं. हे मी दिग्दर्शकाला सांगितलं तर त्यानं त्याचा एक डायलॉगच करून टाकला.

शमीज

आपल्याकडं लहान मुलींच्या फ्रॉकच्या आत शमीज असते ना, तो शब्द हाच. अंगाला लागून पहिला थर. काम दोन, घाम शोषायचा आणि वरच्या कॉर्सेटला अंगाच्या मळापासून वाचवायचं, कारण गाऊन आणि कॉर्सेट सहसा धुवत नसत, धुवायची ती शमीज.

हिचं कटिंग बघून माझी भीती गेली. सगळे चौकोन आणि त्रिकोण, कापड वाया जाऊ नये म्हणून. बगलेत चौबगला (चौकोनी तुकडा), बाजूला कळ्या (घेरासाठीचे तिरके तुकडे), म्हणजे आजोबांच्या अंगरख्याचंच गणित. आमच्या गल्लीतल्या टेलर मास्तरांना दाखवलं तर म्हणाले, "ताई, हे तर आमच्या आज्याचं काम, तुम्ही विलायतेचं कुठं म्हणता?"

माप देते, छाती ३४ ते ३८ पर्यंत चालेल. पन्हा (कापडाची रुंदी) ३६ इंच, कापड सव्वातीन मीटर (आखडायचा हिशोब धरून). आधी ८८ इंच लांब तुकडा काढा. त्यातून उभा २८ इंच रुंदीचा पट्टा, ते अंग. हे मधोमध आडवं दुमडलं की घडीवर खांदा येतो, पुढची मागची बाजू एकसंध, खांद्याला शिलाईच नाही. बाजूला ८ इंच रुंदीची लांब पट्टी उरते. तिच्यातून ८ बाय २८ चे दोन तुकडे घ्या आणि प्रत्येक कर्णावर तिरका कापा, चार कळ्या तयार. उरलेल्यातून ५ बाय ५ चे दोन चौबगले. बाह्या ९ बाय १६ च्या दोन, त्या राहिलेल्या कापडातून, आणि गळ्याची पट्टी, बाहीच्या पट्ट्या पण तिथूनच. कळीची तिरकी बाजू अंगाच्या सरळ बाजूला लावायची आणि सरळ बाजू शेजारच्या कळीला. तिरकी तिरकीला जोडलीत तर शिलाई लोंबते, चार दिवसांत एका बाजूनं शमीज लांब दिसायला लागते.

शिवायचा क्रम असा. पहिल्यांदा चारही कळ्या अंगाला. मग बाही, तिचा मध्य खांद्याच्या घडीवर, ८ इंच पुढं आणि ८ इंच मागं. मग चौबगला, इथं सगळे अडकतात, मी पण दोनदा उलटा लावला. चौबगल्याची एक बाजू बाहीच्या खालच्या शिलाईच्या एका काठाला, तिच्या शेजारची बाजू दुसऱ्या काठाला, असा तो बाहीत पाचरीसारखा बसतो, आणि उरलेल्या दोन बाजू अंगाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला. कागदाचा छोटा नमुना करून टाचण्या लावून बघा, एकदा हातात बसलं की विसरत नाही. चौबगला झाला की खाली दोन-तीन इंच साधी शिलाई आणि मग कळीला कळी जोडत खालपर्यंत. तळाचा घेर साधारण ८५ इंचावर येतो, कळ्यांचे कोपरे खाली येतात ते गोल कापून घ्या आणि बारीक दुमडा.

शिलाई आतून कशी बंद करायची तर जीन्सच्या पायाची आतली शिलाई बघा, तसंच. टीप मारा, एका बाजूचं मार्जिन अर्धं कापा, दुसरं त्याच्यावरून दुमडून हातानं हेमिंग. कच्ची कड कुठंच उघडी राहत नाही, म्हणून तर ते कपडे दर आठवड्याला उकळून बडवून सुद्धा वर्षानुवर्षं टिकले. दोरा सुती, मेणावरून ओढून घ्या, गुंता कमी होतो. मधमाशीचं मेण मिळालं तर उत्तम, नाहीतर देवघरातली मेणबत्ती, कुणी बघत नाही.

गळा. सरळ अंगावर खांद्याला दोन्हीकडं ४-४ इंच सोडा, मधला २० इंच रुंद, पुढं ६ आणि मागं ३ इंच खोल असा लांबट गोल. आधी छोटा कापा, मग वाढवा. मोठा झाला की औषध नाही. या गोलाचा परीघ ४६-४७ इंच भरतो, तो चुन्या घालून ३४ ते ३६ इंचाच्या पट्टीत बसवायचा. चुन्यांना मशीनचा मोठा टाका मारू नका, हातानं धावदोऱ्याच्या दोन ओळी, एकमेकींच्या बरोब्बर खाली, टाके सारखे. दोन्ही दोरे एकदम ओढले की बारीक बारीक नळ्या पडतात, मग सुईच्या टोकानं एकेक नळी खाली ओढत सरळ करायची आणि प्रत्येक नळीला एक टाका घेत पट्टीला शिवायची. माझ्या पहिल्या गळ्याला तीन रात्री लागल्या. पण दिसतं काय ते! मशीनच्या चुन्या त्याच्यापुढं चुरगळलेल्या वाटतात. आणि कधी नव्हे ते यात माझं डोकं शांत झालं, मोबाईल लांब राहिला.

पट्टीला आणि बाहीला हकोबाची लेस लावा, सुती. तशी भोकाभोकांची पांढरी कशिदाकारी त्या काळी आतल्या कपड्यांवर फार चालायची, आणि आपल्याकडं ती मीटरनं मिळते, यासारखं सुख नाही. नायलॉनची चमकणारी लेस लावू नका, स्टेजच्या लाइटखाली ती ओरडून सांगते की मी २०२० ची आहे.

चड्डी म्हणजे ड्रॉवर्स

हिला ऐकून सगळे हसतात कारण ती मधून उघडी असते. खरंच. दोन वेगळे पाय, वर एकाच पट्टीला जोडलेले, आणि मांडीपासून वर मधली शिलाईच नाही. इंग्रजीत चड्डीला "जोडी" म्हणतात ते यामुळं, असं सांगतात. कारण सरळ आहे, वरून कॉर्सेट आवळलेला, त्यावर पिंजरा आणि परकर, बाथरूमला जाताना कंबरेची पट्टी सोडणं शक्यच नाही. नाटकातल्या मुलीला लाज वाटत असेल तर आत आपली नेहमीची चड्डी घालू द्या, कशाला उगाच हट्ट. पण शिवताना उघडीच शिवा, कारण बंद शिवलीत तर तीन तासांच्या शोमध्ये तिचे हाल तुम्ही करताय.

प्रत्येक पायाला २८ इंच रुंद आणि ३० इंच लांब तुकडा, उभा दुमडायचा. आसनाची गोलाई पुढं थोडी खोल कापा, मागं अडीच-तीन इंच उंच ठेवा, नाहीतर बसल्यावर मागून खाली येते. आतल्या पायाची शिलाई खालून मांडीपर्यंत, बाकीच्या उघड्या कडा बारीक पट्टी लावून बंद. वर चुन्या घालून कमरेच्या पट्टीत, मागं एक बटण. नेफा करून नाडी घातली तरी चालते, आणि आपल्याला नाडीचाच हात आहे. खाली गुडघ्याच्या खाली दोन-तीन टक्स (शिवून बसवलेल्या बारीक आडव्या घड्या) आणि हकोबा. टक्स नुसते शोभेचे नाहीत, कापड आखडलं की एक टक उसवून लांबी परत मिळते.

बटणं शिंपल्याची किंवा कापडानं मढवलेली. प्लॅस्टिकची नको.

कॉर्सेट

इथं थांबा आणि श्वास घ्या, नंतर घेता येणार नाही, असा जोक सगळे करतात. खरं सांगू का, नीट मापानं शिवलेल्या कॉर्सेटमध्ये श्वास घेता येतो, वाकता येत नाही एवढंच, कंबरेतून न वाकता गुडघ्यातून बसावं लागतं आणि पोरीची चाल आपोआप बदलते. आमची हिरॉइन चार वाक्यं कमी बोलली असती तरी चाललं असतं, इतकी ती नुसती उभी राहिल्यावर मेमसाहेब दिसायला लागली. आणि बारीक कंबर ही काही सगळी आवळूनच येत नाही, खाली घेर मोठा झाला की कंबर आपोआप बारीक वाटते.

माप शमीजवरून घ्या. कंबर २८ असेल तर कॉर्सेट २४ चा कापा, मागं दोन इंच फट राहिली पाहिजे, म्हणजे प्रत्यक्षात २६ वर बसतो. नवशिक्यानं दोन इंचांच्या वर आवळायचंच नाही. पॅटर्न नेटवर जुन्या मासिकांतले मिळतात, ते आपल्या मापाला मोठे करून आधी मांजरपाटात कच्चा शिवा, त्यातच दोन-चार काड्या घालून अंगावर बघा, जिथं सुरकुती तिथं पेन्सिल. माझा तिसऱ्या मांजरपाटाला बसला. हे मांजरपाट वाया जात नाही, पुसायला होतं.

पक्का शिवताना ड्रिलचे दोन थर, आणि दोन समांतर टिपांमध्ये काडीची जागा. त्या काळी काड्या व्हेलच्या असायच्या, हाड म्हणतात पण हाड नाही, व्हेलच्या तोंडातली झालर असते ती, नखासारखी, गरम केली की वाकते. ती आज मिळत नाही आणि मिळू पण नये. जगभर कॉस्च्युमवाले लोक त्याऐवजी जाड केबल टाय वापरतात, इलेक्ट्रिकच्या दुकानातले, ८-९ मिलिमीटर रुंदीचे, आणि ते व्हेलच्या काडीसारखेच अंगाच्या उबेनं वळण घेतात. कापल्यावर टोकं कानशीनं गोल करा, नाहीतर कापड फाडून बाहेर येतात आणि बरगडीत टोचतात. काडी तिच्या नळीपेक्षा अर्धा इंच आखूड. मागच्या दोरीच्या भोकांना लागून दोन्हीकडं मात्र पोलादी पट्टी पाहिजे, तिथं प्लॅस्टिक वाकतं.

भोकं. पितळी आयलेट (भोकाला ठोकायची कडी) १८६५ ला चालतात, धातूची आयलेट १८२० च्या दशकातच निघालेली. आमच्याकडं फ्लेक्स बॅनरवाला ठोकून देतो, दहा मिनिटांचं काम, फक्त त्याला आतल्या कपड्याचं आहे असं सांगू नका, हातात धरेना तो. पण तुमचं नाटक १८२० च्या आधीचं असेल तर हातानं काजासारखी भोकं विणा, आणि तेव्हा कात्रीनं कापायचं नाही, चांभाराच्या आरीनं धागे बाजूला सारून भोक पाडायचं, म्हणजे कापड कमजोर होत नाही.

पुढचं बंद, ज्याला बस्क म्हणतात, ते दोन पोलादी पट्ट्या आणि हूक असं असतं, ऑनलाइन मागवावं लागतं. त्या आधीच्या काळात सहसा पुढं उघडायचंच नाही, मधे एका खिशात सपाट लाकडी पट्टी सरकवायची. मी पहिल्या तालमींना भाच्याची लाकडी फूटपट्टी सरकवली होती. बारा इंच, एकदम मापात.

दोरी मागं कमरेपाशी दोन लूप सोडून ओवा, तिथूनच ओढतात. आणि घालताना एक नियम, आधी मागची दोरी पूर्ण ढिली करा, मग पुढचे हूक लावा, मग दोरी ओढा. काढताना पण आधी दोरी ढिली. एकदा घाईत हुकाला जोर लावला आणि हूक उपटून हातात आला. तालमीत पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तासभर, असं वाढवत न्या, विंगेत पाणी ठेवा, आणि गरगरतंय म्हणाली की संवाद मधेच सोडून आधी दोरी सोडायची. मेच्या तालमी आम्ही रात्री नऊनंतर घेतल्या.

कॉर्सेटच्या वर एक पातळ कॅमिसोल येतो, कॉर्सेटच्या कडा गाऊनमधून उमटू नयेत म्हणून. मलमलचा साधा ब्लाउज समजा, पुढं बटणं. त्याच्यावर जास्त वेळ घालवू नका.

घेर

१८६५ ला खरा पिंजरा पोलादी पट्टीचा, कापडी नाड्यांवर टांगलेला. बजेट असेल तर पोलादी पट्टी मागवा. माझं नव्हतं. मी काय केलं तर भावाच्या शेतातली ठिबकची नळी घेतली, १२ मिलिमीटरवाली. जळगावात राहून नळीला कमी नाही. ती गुंडाळलेलीच येते म्हणून आपोआप गोल राहते, टोकाला तिचाच जॉइनर. खालचं कडं साधारण १०५ इंच, मग वर वर कमी करत चार कडी, आठ सुती पट्ट्या उभ्या आणि वर कंबरपट्टी. खालचं कडं जमिनीपासून सहा-सात इंच वर ठेवा, नाहीतर पाय अडकतो. आणि कडी फक्त मांडीच्या मध्यापासून खाली, वर लावलीत तर बसताच येत नाही. याला अस्सल कुणी म्हणू नये, पण बाहेरून आकार चोख, आणि वजन हलकं. त्या काळी पण बायकांना पिंजरा आवडला तो यासाठीच, त्याच्या आधी तोच घेर आणायला पाच-सहा परकर एकावर एक चढवायच्या.

पिंजरा जमत नसेल तर दोरीचा परकर शिवा, तो १८३०-४० पासूनचा, आणि नवीन माणसाला खरं तर हाच आधी करावा असं माझं मत आहे. लंकलाटाचा १०० इंच घेराचा परकर घ्या, खालच्या दीड फुटात आडवे बारीक टक घालत जा आणि प्रत्येक टकाच्या पोटात पायपिंगची सुती दोरी, मशीनचा एका बाजूचा पाय लावून दोरीला अगदी चिकटून टीप. पंचवीस-तीस ओळी. कंटाळा येतो, गाणी लावा. झाल्यावर साबुदाण्याची घट्ट खळ द्या आणि उलटा छत्रीसारखा उघडून उन्हात वाळवा, तो परकर वाळल्यावर स्वतःच्या पायावर उभा राहिला तेव्हा आत्या दोन मिनिटं काही बोलली नाही.

पिंजरा असो की दोरीचा परकर, वरून एक साधा परकर पाहिजेच, नाहीतर गाऊनवर फासळ्यांसारखी कडी दिसतात. त्या काळी अशा घेरानं शेगडी, मेणबत्तीला पेट घेऊन बायका जळून मेल्याच्या घटना खूप झाल्या, घालणारीला खाली घेर कुठं पोचलाय ते कळतच नाही. तेव्हा स्टेजवर समई, कंदील, निरांजन काही खरं पेटवू नका. नटराजपूजेच्या वेळी तर तिला विंगेतच ठेवा.

आता घालायचा क्रम. शमीज, चड्डी, मोजे, आणि मग बूट. हो, बूट आधी, कारण कॉर्सेट चढला की पायापर्यंत हात पोचत नाही. मग कॉर्सेट, कॅमिसोल, पिंजरा डोक्यावरून नाहीतर जमिनीवर ठेवून त्यात पाय टाकून, वरचा परकर, आणि सगळ्यात शेवटी गाऊन. आम्हाला पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली, शोच्या दिवशी बारा. तयार करायला एक माणूस ठरलेला ठेवा आणि तोच माणूस काढायला.

शो झाल्यावर शमीज आणि चड्डी लगेच थंड पाण्यात बुडवा, घाम पिवळा पडला की निघत नाही. नंतर उकळा. कॉर्सेट धुवू नका, काड्यांच्या भोवती पाणी साचून पोलाद गंजतं, फक्त उलटा करून सावलीत वारा लागू द्या. आणि दोरीच्या परकरातली खळ पूर्ण धुऊन काढा, मगच पेटीत ठेवा. मी आळस केला, पावसाळ्याचे चार महिने तो खळीसकट पडून राहिला, दिवाळीत काढला तर कसरीनं खालच्या सहा ओळी खाऊन टाकलेल्या. आता त्या परत घालतेय.